खासगी यान, सार्वजनिक आनंद

फ्लोरिडात 30 मे 2020 ची दुपार होती, 3 वाजून 22 मिनिटं. आपल्याकडे तारीख उलटून रात्रीचे 12 वाजून 52 मिनिटं झाली होती. केनेडी अंतराळ केंद्राच्या 39-ए या तळावरून फाल्कन 9 रॉकेट उठलं आणि साधारण बारा मिनिटांत त्याच्या टोकावरचं क्रू ड्रॅगन यान पृथ्वीच्या कक्षेत पोचलं. आत दोघंच होते, डग हर्ली आणि बॉब बेन्केन. दोघंही नासाचे मुरलेले अंतराळवीर, पण यान नासाचं नव्हतं. स्पेसएक्स या कंपनीने ते बांधलेलं होतं आणि त्याची मालकीही तिचीच होती. खासगी मालकीच्या यानातून माणसं कक्षेत जाण्याची ही पहिलीच वेळ.

त्या दिवशी जगभर लोकांना जो आनंद झाला, त्याचा हे पुस्तक शोध घेतं. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकाची भलामण करावी असा रिवाज आहे. तो मी पाळणारच आहे, कारण एवढ्या तपशिलाने आणि एवढ्या सोप्या मराठीत हा विषय मी तरी आधी वाचलेला नाही. पण लेखकाशी एका मुद्द्यावर माझं पटत नाही आणि तेही इथेच सांगून टाकणार आहे. त्याआधी वाचकाला थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी.

तो आठवडा आठवून पाहा. अमेरिकेत कोविडने मेलेल्यांचा आकडा त्याच आठवड्यात एक लाखाच्या पुढे गेला होता. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्याला पाच दिवस झाले होते आणि शहरामागून शहर पेटत होतं. आपल्याकडे टाळेबंदीचा तिसरा महिना सुरू होता, पायी गावाकडे निघालेल्या मजुरांचे फोटो रोज पेपरात येत होते. अशा वेळी नासाने लोकांना विनवणी केली होती की, बाबांनो, गर्दी करू नका, घरूनच पाहा. तिथल्या स्थानिक शेरीफने मात्र लोकांना खुशाल या म्हणून सांगितलं. लोक आलेच. टायटसव्हिलला इंडियन रिव्हरच्या काठावर, कोको बीचच्या वाळूत, पुलांवर, गाड्यांच्या टपांवर बसून त्यांनी ते उड्डाण पाहिलं. इंटरनेटवर पाहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या घरात होती.

‘इथे माणसं मरताहेत आणि यांना आकाशात जायचं सुचतंय’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. हा आक्षेप नवा नाही. अपोलो 11 च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, 15 जुलै 1969 ला, रेव्हरंड राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीच्या दारात निदर्शनं करायला आले होते. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. दोघांत शांतपणे बोलणं झालं आणि निदर्शकांपैकी काही कुटुंबांना उड्डाण पाहायला आत जागा मिळाली. 2020 मध्ये अशी भेट कोणाची घ्यायची, हाच प्रश्न होता. सरकारकडे गाऱ्हाणं नेता येतं; कंपनीच्या दारात खेचरं घेऊन गेलं, तर सुरक्षारक्षक पावती मागतो. लेखकाने हा प्रसंग दोन ओळींत उरकला आहे. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

आनंदाचं साधं कारण असं की अमेरिकेच्या भूमीवरून नऊ वर्षांत माणूस कक्षेत गेलाच नव्हता. 8 जुलै 2011 ला शेवटचं स्पेस शटल, अटलांटिस, याच तळावरून उडालं. त्याचा पायलट कोण होता? हाच डग हर्ली. अटलांटिसच्या चमूने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या दारावर एक छोटा अमेरिकन झेंडा लावून ठेवला होता. 1981 च्या पहिल्या शटलमधूनही तो फिरून आलेला होता. अमेरिकेतून पुढचं यान जे येईल त्याने तो परत न्यायचा, असं ठरलं होतं. मधली नऊ वर्षं अमेरिकन अंतराळवीर रशियाच्या सोयुझमध्ये पैसे मोजून बसत होते. एका जागेचा दर चढत चढत आठ कोटी डॉलरच्या पुढे गेला. 2014 मध्ये क्रिमियावरून निर्बंध लागले, तेव्हा रशियाचे उपपंतप्रधान दिमित्री रोगोझिन यांनी अमेरिकनांना टोमणा मारला की स्थानकावर जायला आता ट्रॅम्पोलिन वापरा. सहा वर्षांनी, उड्डाणानंतरच्या पत्रकार परिषदेत, स्पेसएक्सचे संस्थापक इलॉन मस्कनी ट्रॅम्पोलिन चालतंय असं सांगून त्याची परतफेड केली आणि सभागृह हसलं. तेव्हा या आनंदात विज्ञान किती, देशाभिमान किती आणि जुना हिशेब चुकता केल्याचं समाधान किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

खरं तर हे उड्डाण तीन दिवस आधी, 27 मे रोजी व्हायचं होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प हजर होते, गर्दी जमली होती, दोघं अंतराळवीर पांढऱ्या टेस्ला गाडीतून तळावर येऊन यानात बसले होते, दार लागलं होतं. वेळेला जेमतेम सतरा मिनिटं उरली असताना विजेच्या धोक्यामुळे उड्डाण रद्द झालं. ढग आणखी थोड्या वेळात सरले असते. मग थांबले का नाहीत? याचं उत्तर पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात आहे आणि ते प्रकरण म्हणजे या लेखकाच्या कसबाचा नमुना.

रॉकेटच्या टाकीत द्रवरूप प्राणवायू भरतात. तो उणे 183 अंशांना उकळतो. फाल्कन 9 मध्ये मात्र तो उणे 207 अंशांपर्यंत गार करून भरतात, कारण जितका गार तितका दाट आणि जितका दाट तितका त्याच टाकीत जास्त मावतो. अडचण एवढीच की फ्लोरिडाच्या उन्हात तो भरल्याबरोबर तापायला लागतो. म्हणून इंधन शेवटच्या पस्तीस मिनिटांतच भरायला घ्यायचं आणि भरून झालं की उडायचं. त्यात स्थानकाची कक्षा तळावरून सरकण्याचा नेमका क्षण गाठायचा असतो. दहा मिनिटं उशीर म्हणजे तो दिवस गेला. शटलच्या काळात उलटी रीत होती: आधी टाकी भरायची, सगळं स्थिर झालं की मग माणसं चढवायची. आता माणसं आधी आत बसवायची, सुटकेची इंजिनं सज्ज करायची आणि मग त्यांच्या पाठीखाली शेकडो टन इंधन आणि प्राणवायू ओतायचा. अपोलोच्या पिढीतले अंतराळवीर थॉमस स्टॅफर्ड यांच्या सल्लागार समितीने याला लेखी हरकत घेतली होती. 2016 च्या सप्टेंबरमध्ये तर उड्डाणापूर्वीच्या चाचणीसाठी इंधन भरतानाच एक फाल्कन 9 तळावर फुटलं होतं, वरच्या उपग्रहासकट. त्यात माणसं नव्हती. पुढे बरीच तपासणी, बरेच बदल आणि बरीच वादावादी होऊन नासाने ही रीत मान्य केली. टीव्हीवर पाहणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला दिसतात काळे-पांढरे सुबक अंतराळपोशाख, ज्यांच्या आखणीत हॉलिवुडच्या वेशभूषाकाराचा हात होता, आणि बटणांच्या जागी टचस्क्रीन.

आणखी एक गोष्ट दिसली. यान कक्षेत पोचलं आणि केबिनमध्ये चकचकीत टिकल्यांचा एक खेळण्यातला डायनोसॉर तरंगू लागला. वजनरहित अवस्था आली हे कळावं म्हणून काहीतरी हलकं टांगायची ही जुनी, रशियनांपासून चालत आलेली पद्धत. हर्ली आणि बेन्केन दोघांनाही लहान मुलगे होते, दोघांनी आपापली डायनोसॉरची खेळणी जमवली आणि त्यातून एक निवडलं. दुसऱ्या दिवशी दुकानांतून ते खेळणं संपलं. इतक्या प्रचंड यंत्रणेतून लोकांनी नेमकं ते उचललं. लेखकाला यात बाजाराची चलाखी दिसते. मला तसं वाटत नाही. मुलाचं खेळणं सोबत नेणारा बाप कोणालाही कळतो. बेन्केनची पत्नी मेगन मॅकार्थर हीसुद्धा अंतराळवीर. पुढच्या वर्षी ती याच यानात, नवऱ्याच्याच जागेवर बसून स्थानकावर गेली, हे लेखकाने तळटीपेत टाकलं आहे. मी संपादक असतो, तर ते वर आणलं असतं.

आता ‘कक्षेत’ या शब्दाचा भार. खासगी यानातून माणूस अवकाशाच्या उंबरठ्यावर त्याआधी सोळा वर्षं जाऊन आला होता. 21 जून 2004 ला कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटातून बर्ट रुटान यांच्या ‘स्पेसशिपवन’ने माइक मेलव्हिल यांना शंभर किलोमीटरच्या जरासं वर नेलं. मेलव्हिलनी वर गेल्यावर खिशातल्या चॉकलेटच्या रंगीत गोळ्या सोडून दिल्या आणि त्या केबिनभर तरंगल्या. उतरल्यावर गर्दीतल्या कोणीतरी आणलेली पाटी त्यांनी हातात उंचावली: स्पेसशिपवन एक, सरकार शून्य. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या यानाने एक कोटी डॉलरचं एक्स प्राइझही जिंकलं. पण ते वर गेलं आणि खाली आलं. त्याचा वेग ताशी साधारण साडेतीन हजार किलोमीटर होता. कक्षेत टिकायला ताशी अठ्ठावीस हजार लागतात. वेग आठपट झाला की ऊर्जा चौसष्टपट लागते, आणि परतताना तीच ऊर्जा उष्णता होऊन यानाच्या अंगावर येते. पाटीवरचा सामना त्या दिवशी संपला नव्हता, सुरूही झाला नव्हता.

कक्षेतला सामना सुरू झाला तेव्हा सरकार मैदानात समोरच्या बाजूला नव्हतंच. ते याच संघाचं मालक होतं, निदान पैसेवाला भागीदार तरी. माझा लेखकाशी मतभेद आहे तो इथे. पुस्तकाचा एकूण सूर असा आहे की सरकारला जे जमलं नाही ते एका जिद्दी उद्योजकाने करून दाखवलं. हा सूर लेखकाचा एकट्याचा नाही. त्या रात्री जगभरच्या आनंदाचाही तोच होता. पण पुस्तकातली माहितीच या सुराला साथ देत नाही, आणि लेखकाच्या प्रामाणिकपणाला दाद अशी की त्याने ती माहिती लपवलेली नाही.

पाहा. स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट, फाल्कन 1, मार्च 2006, मार्च 2007 आणि ऑगस्ट 2008 असं लागोपाठ तीनदा अपयशी ठरलं. 28 सप्टेंबर 2008 ला चौथ्यांदा जमलं. तोवर मस्क यांची तिजोरी रिकामी होत आली होती. डिसेंबर 2008 मध्ये नासाने स्थानकावर माल पोचवण्याच्या बारा फेऱ्यांचं 1.6 अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं आणि कंपनी वाचली. यानाचं उष्णतारोधक कवच नासाच्या एम्स केंद्रात जन्मलेल्या पदार्थाची सुधारित आवृत्ती आहे. 39-ए हा तळ अपोलो आणि शटल यांच्यासाठी सरकारने बांधलेला. 2014 मध्ये तो वीस वर्षांच्या भाड्याने कंपनीला दिला. जिथे जायचं ते स्थानकच पंधरा देशांच्या करदात्यांचं. आणि खुद्द क्रू ड्रॅगनसाठी सप्टेंबर 2014 मध्ये नासाने 2.6 अब्ज डॉलरचं कंत्राट केलं. त्याच दिवशी त्याच कामासाठी बोइंगला 4.2 अब्ज मिळाले.

मग यात खासगी काय? यानं आधीही कंपन्याच बांधत होत्या. मर्क्युरीची कुपी मॅक्डॉनल कंपनीने बांधली, चंद्रावर उतरलेलं यान ग्रमन कंपनीने. बदलला तो व्यवहाराचा प्रकार. पूर्वी कंपनीने जो खर्च केला तो सरकार देई आणि वर ठरलेला नफा देई. काम लांबलं तर कंपनीचं काहीच बिघडत नसे. या वेळी काम उक्तं दिलं. बांधकामावर ज्याने कधी गवंडी लावला आहे त्याला रोजंदारी आणि उक्तं यातला फरक सांगायला नको. ठरलेली रक्कम, टप्प्याटप्प्याने पैसे, वर गेलेला खर्च कंपनीच्या अंगावर, आणि काम झाल्यावर वस्तूही कंपनीचीच. नासा फक्त जागा विकत घेणार. नासाच्या महानिरीक्षकांनी 2019 मध्ये हिशेब मांडला तेव्हा ड्रॅगनच्या एका जागेचा खर्च साधारण साडेपाच कोटी डॉलर निघाला. सोयुझपेक्षा बराच कमी.

हा निर्णय सरकारी होता. तो घेणाऱ्या नासाच्या अधिकाऱ्यांना आतून आणि बाहेरून शिव्या खाव्या लागल्या. नील आर्मस्ट्राँग आणि जीन सर्नन यांनी अमेरिकी संसदेसमोर या धोरणाविरुद्ध साक्ष दिली. संसदेने पहिली काही वर्षं मागितल्यापेक्षा कमी पैसे दिले आणि 2015 चं उड्डाण 2020 वर गेलं. ज्यांनी उक्तं काम देण्याची जोखीम उचलली त्यांची नावं त्या रात्री कोणाच्या तोंडी नव्हती.

उक्त्या कामाने यश येतंच असंही नाही. बोइंगचं उदाहरण समोर आहे. जास्त पैसे, शंभर वर्षांचा अनुभव, नासाचा जुना विश्वास. डिसेंबर 2019 मध्ये त्यांचं स्टारलायनर यान माणसांविना उडालं आणि त्याचं घड्याळ अकरा तास चुकीचं लागलेलं निघालं. आपण प्रवासाच्या कुठल्या टप्प्यावर आहोत हेच यानाला कळेना. भलत्या वेळी इंधन जळालं आणि स्थानक गाठता आलं नाही. जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून गेले ते साधारण आठ दिवसांसाठी. इंजिनांचा आणि हेलियमच्या गळतीचा घोळ झाला, यान रिकामंच परत आणलं आणि ते दोघं मार्च 2025 मध्ये ड्रॅगनमधून उतरले. आपल्या वाहिन्यांनी ते नऊ महिने ‘अडकलेली सुनीता’ म्हणून रोज दाखवले, पण बिघडलेलं स्टारलायनरही खासगीच होतं हे क्वचितच कोणी सांगितलं. यश खासगी आणि अपयश नासाचं, असा हिशेब फार सहज मांडला जातो.

पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण ड्रॅगनच्या अपयशाचंच आहे. मार्च 2019 मध्ये क्रू ड्रॅगन माणसांविना स्थानकाला जाऊन सुखरूप आलं. सगळीकडे वाहवा झाली. 20 एप्रिलला त्याच यानाच्या सुटकेच्या इंजिनांची जमिनीवर चाचणी घेताना त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. ही आठ इंजिनं संकटात यानाला रॉकेटपासून ढकलून दूर नेण्यासाठी, म्हणजे माणसं वाचवण्यासाठीच असतात. तपासात निघालं ते असं: नायट्रोजन टेट्रॉक्साइड या द्रवाचा थोडासा अंश झडपेतून झिरपून हेलियमच्या नळीत जाऊन बसला होता. इंजिन चालू करण्याआधी नळीत एकदम प्रचंड दाब सोडला, तेव्हा तो द्रव टायटॅनियमच्या झडपेवर गोळीसारखा आदळला आणि तिने पेट घेतला. टायटॅनियम असं पेटेल ही अपेक्षाच नव्हती. मग त्या झडपेच्या जागी दाबाने फुटणारी चकती बसवली. जानेवारी 2020 मध्ये उडत्या रॉकेटवरून यान सोडवून दाखवलं, रॉकेट मुद्दाम नष्ट होऊ दिलं, आणि मग कुठे माणसं बसवायला परवानगी मिळाली. 270 उड्डाणांत एकापेक्षा जास्त वेळा चमू दगावण्याची शक्यता नसावी ही नासाची अट होती. शटलने 135 उड्डाणांत दोनदा मिळून चौदा जीव घेतले होते. त्यातल्या दुसऱ्या अपघातात आपल्या कर्नालची कल्पना चावला गेली.

लोकांच्या उत्साहाचं सर्वांत जिवंत चित्र उड्डाणाच्या दिवसाचं नाही, परतीचं आहे. 2 ऑगस्ट 2020 ला यान पेन्साकोलाजवळ मेक्सिकोच्या आखातात उतरलं. रविवार होता, समुद्र शांत होता. पाहता पाहता डझनावारी खासगी मोटरबोटी यानाभोवती गोळा झाल्या. कोणी फोटो काढतंय, कोणी हात हलवतंय, एका बोटीवर निवडणूक प्रचाराचा झेंडा. तटरक्षक दलाने आधी जागा मोकळी केली होती, पण यान उतरल्यावर बोटींना आवरणं त्यांना जमलं नाही. त्याच वेळी बचावपथकाला यानाच्या बाहेरच्या अंगाला नायट्रोजन टेट्रॉक्साइडच्या वाफा लागल्या, म्हणजे आधीच्या वर्षी स्फोट घडवणारा तोच विषारी पदार्थ. वाफा विरेपर्यंत दार उघडायचं लांबलं. आत दोन माणसं थकून बसलेली, बाहेर मासे धरायला निघालेली मंडळी विषारी वायूच्या टप्प्यात सेल्फी घेत होती. नासाच्या प्रमुखांनी पुढच्या वेळी जास्त बंदोबस्त ठेवू असं कबूल केलं. मला या प्रसंगाचा राग येत नाही. आपल्या पैशाने झालेलं काम जवळून पाहायला लोक आले, एवढंच मी म्हणेन. पण त्यांना दूर ठेवायचं काम कोणाचं, कंपनीचं की सरकारचं, हे तोवर कोणी ठरवलेलंच नव्हतं.

दोरी कोणाच्या हातात, हा प्रश्न पाच वर्षांनी नीट उघडा पडला. 5 जून 2025 ला मस्क आणि ट्रम्प यांचं समाजमाध्यमावर जाहीर भांडण झालं. सरकारी कंत्राटं काढून घेण्याची धमकी ऐकून मस्कनी लिहिलं की ड्रॅगन यानं आपण तातडीने सेवेतून काढायला घेतो. काही तासांत त्यांनी शब्द मागे घेतला. पण त्या काही तासांत अमेरिकेकडे स्थानकावर माणसं पाठवायचं दुसरं भरवशाचं साधन नव्हतं. स्टारलायनर बंदच होतं. त्याच महिन्यात, 25 जूनला, लखनौचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला एका ड्रॅगनमधूनच स्थानकावर गेले. राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी भारतीय माणूस कक्षेत गेला तो अशा यानातून, ज्याच्या मालकाने तीन आठवड्यांपूर्वीच रागाच्या भरात ते बंद करण्याची भाषा केली होती. आपल्या सरकारने या प्रवासासाठी शेकडो कोटी रुपये मोजले. टाळ्या आपणही वाजवल्या आणि त्या योग्यच होत्या. पण सोयुझवर अवलंबून राहणं ही जर नामुष्की होती, तर एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहणं ही काय चीज आहे, याचं उत्तर लेखकाने द्यायला हवं होतं. शेवटच्या प्रकरणात तो ते टाळतो.

मराठी वाचकाने हे पुस्तक वाचायचं ते केवळ परदेशातली नवलकथा म्हणून नव्हे. हर्ली-बेन्केन उडाले त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी, 16 मे 2020 ला, आपल्या अर्थमंत्र्यांनी अवकाशक्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं करण्याची घोषणा केली. जूनमध्ये त्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था मंजूर झाली. आपल्या पुण्यात आणि हैदराबाद-चेन्नई-बंगळुरूत आज तरुण मुलं या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्यासमोर जो नमुना ठेवला जातो तो एका धनाढ्य, धाडसी संस्थापकाचा. त्याच्या मागे उभा असलेला समंजस सरकारी ग्राहक, जो उक्तं काम देतो, वेळेवर पैसे देतो, तीन अपयशं झाल्यावरही दार लावत नाही आणि सुरक्षिततेबाबत एक इंचही सोडत नाही, तो नमुना कोणी सांगत नाही.

शिवाय आपल्याला खासगी हात नवीन नाहीत. इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरींची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडतात. विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये जुळतात. गगनयानाच्या बूस्टरचा भाग पवईच्या लार्सन अँड टुब्रोमधून बाहेर पडला. साखर कारखान्याची यंत्रं बनवणाऱ्या गावात रॉकेटचं कवच वेल्ड होतं, हे त्या तालुक्याबाहेर फार कोणाला ठाऊक नसतं. ही कामं आराखडा देऊन करून घेतलेली आहेत. मालकी आणि निर्णय इस्रोचे. हा व्यवहार बदलावा का आणि किती, यावर आपल्याकडे चर्चा व्हायची आहे. ती करताना हाताशी आकडे आणि घटना असाव्यात, म्हणून हे पुस्तक उपयोगाचं आहे.

भाषेबद्दल थोडं. लेखक इंजिनियर आहे आणि ते जाणवतं. कुठे कुठे वाक्य कोरडं होतं. पण त्याने शब्दांचा बडेजाव केलेला नाही. रॉकेटला रॉकेटच म्हटलं आहे, ‘अग्निबाण’ म्हणून वाचकाला दिवाळीत नेऊन बसवलेलं नाही. आकृत्या स्वच्छ आहेत. सूची नाही ही मोठी उणीव. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी ती जरूर घालावी.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. पहिली दोन प्रकरणं लांबली आहेत. कंटाळा आला तर सरळ एप्रिल 2019 च्या स्फोटाचं प्रकरण उघडा, ते वाचून झालं की मागे या. कंत्राटांचं प्रकरण रुक्ष दिसतं, पण ते गाळू नका. मी लेखकाशी भांडलो तो त्याच प्रकरणाच्या आधारे. आणि शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांनी हे पुस्तक कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्यावं.